झळाळी, अर्थ तिसरा

उजेडासाठी भाषेत जितके शब्द आहेत तितके दुसऱ्या कशासाठीही नाहीत, आणि यावरून माणूस हा मूलतः प्रकाशाचा पूजक आहे हे निर्विवाद सिद्ध होतं, असा सिद्धान्त टिंबकाकांनी एकवीस वर्षांच्या व्यासंगाअंती मांडला. मांडला म्हणजे सकाळी चहा पिताना बायकोला ऐकवला. ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "भांडणासाठी जास्त असतील. मोजून बघा."

टिंबकाका हाडाचे कोशकार. कार्यालयात गेल्यावर त्यांनी खरंच मोजले. भांडण अकरा शब्दांनी पुढे होतं. सिद्धान्त त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला, पण घरी कळवलं नाही.

टिंबकाका हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकदा छापखान्यात जाऊन, चालू यंत्र थांबवून, त्यांनी एक राहिलेलं टिंब घालायला लावलं होतं. सोळा पानं नव्याने छापावी लागली. यंत्रावरच्या माणसाने त्या दिवशी त्यांना आणखीही काही नावं दिली होती, पण चारचौघांत वापरण्याजोगं हे एकच निघालं.

त्यांचं कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीला तीन खिडक्या, आणि बाकीच्या भिंतींना खालपासून छतापर्यंत हातभर खोल लाकडी खण. खणांत चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर शब्द, मग अर्थ, मग तो अर्थ दाखवणारं एखाद्या छापील पुस्तकातलं वाक्य आणि तळाशी चार रिकाम्या जागा: पुस्तक, लेखक, पान, साल. कोशाचा नियम पोलादी होता. छापील वाक्य नाही, तर अर्थही नाही. एखादा शब्द तुमची आजी जन्मभर वापरत असेल. पण तो कुठे छापून आला नसेल तर आजी जन्मभर गप्प होती असंच कोश धरून चालायचा.

ह्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम टिंबकाकांचं, कारण त्यांचं अक्षर. त्यांच्या अक्षराची सगळीकडे वाहवा होती. संपादकबाई पाहुण्यांना मुद्दाम खण उघडून दाखवायच्या. "बघा, काय वळण आहे!" पाहुणे वळण बघत. काय लिहिलंय ते कुणी वाचत नसे. एकवीस वर्षांत टिंबकाकांनी अडीच लाख वाक्यं लिहिली होती आणि त्यांतलं एकही त्यांचं नव्हतं.

एरवी त्यांची याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती साडूबद्दल.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो लेखक होता. नुसता लेखक असता तर टिंबकाकांनी मोठ्या मनाने चालवून घेतलं असतं, पण तो खपणारा लेखक होता. बारा कादंबऱ्या, आणि बाराही पुस्तकांच्या पाठीवर तोच फोटो: हनुवटीखाली हात, नजर दूर कुठेतरी. इतकी वर्षं तो हात तिथून हलला नव्हता. मग ही पुस्तकं लिहितो कुठल्या हाताने, असा टिंबकाकांचा एक प्रामाणिक प्रश्न होता. त्याहून वाईट म्हणजे साडू कोशात शिरला होता. बाहेरगावचे वाचक त्याच्या कादंबऱ्यांतून वाक्यं टिपून पाठवायचे, आणि ती सुवाच्य करून चिठ्ठीवर उतरवण्याचं पुण्य टिंबकाकांच्या पदरात पडायचं. 'ज' संपेपर्यंत साडूची चौदा वाक्यं झाली होती. चौदावं 'जळफळाट' ह्या शब्दाखाली होतं. ते उतरवताना टिंबकाकांनी दोन निबं मोडली.

कोशात शिरलेलं वाक्य मरत नाही. लेखकाच्या नावासकट ते पिढ्यान् पिढ्या राहतं. टिंबकाकांचं नाव प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला बारीक टाइपात, 'साहाय्य' या मथळ्याखाली, कागद पुरवणाऱ्याच्या वरती येत असे.

सात महिने ते 'झ'मध्ये मुक्कामाला होते. झगडा, झटापट, झपाटा, झरा असं करत करत एका सोमवारी झळाळीपाशी पोचले आणि थबकले. ह्या शब्दाची ते फार दिवस वाट पाहत होते. लोक उजेडाच्या सगळ्या शब्दांची मोट बांधतात याचा त्यांना मनस्वी संताप यायचा. बूट चकचकीत असतात. घासलेली भांडी लखलखीत. दुकान झगमगतं, आणि आत माल जितका कमी तितकं ते जास्त झगमगतं. चकाकी फडकं मारून आणता येते. झळाळी आणता येत नाही, ती आतून येते, आणि तिला कुणाकडे बघायला सवड नसते.

त्यांनी तीन अर्थ पाडले. पहिला, तापून शुद्ध झालेल्या धातूचं तेज; त्याला सोनारकामाच्या एका जुन्या पुस्तकातलं वाक्य होतं. दुसरा, यशाचं किंवा कीर्तीचं तेज. त्यालाही वाक्य होतं. "त्याच्या यशाच्या झळाळीने दाही दिशा दिपून गेल्या." साडू, कादंबरी चौथी, पान दोनशे बारा.

तिसरा अर्थ टिंबकाकांचा लाडका: 'एखाद्याच्या नुसत्या असण्याने जागेला येणारा उजेड, जो असेपर्यंत ध्यानात येत नाही.' हा अर्थ आहे, माणसं तो बोलण्यात वापरतात, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण छापील वाक्य मिळेना. तीन आठवडे त्यांनी पुस्तकं पालथी घातली.

"नाही ना मिळत? मग गाळा," संपादकबाई म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या, पण कात्रीने वाईट. "आणि मिळालंच तर लक्षात ठेवा, एका शब्दाला दोनच वाक्यं. तिसरं आलं की एक जाणार."

"कुठलं जाणार?" टिंबकाकांनी विचारलं.

"ज्यात सगळ्यांत कमी दम असेल ते."

टिंबकाकांनी दाही दिशांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या मनात काहीतरी हललं.

त्याच आठवड्यात साडूचा सत्कार निघाला. टिंबकाकांचं डोकं ऐन वेळेला दुखायला लागलं.

"फार दुखतंय?" बायकोने विचारलं. ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसून एका झग्याला शेवटची दुमड घालत होती. कपडे शिवून देणं हा तिचा धंदा, आणि शब्द न पाळणं हे त्या धंद्यात बसत नाही असं तिचं म्हणणं. टिंबकाका समोर मुद्रितं वाचत बसले होते.

"ठणकतंय. तू जा. धाकटीला वाईट वाटेल."

"गोळी घ्या मग." तिने दोरा दातांनी तोडला, झगा घडी करून ठेवला, उठली, चपला घातल्या आणि गेली.

टिंबकाकांनी मुद्रितात पुन्हा डोकं घातलं, तर अक्षरंच दिसेनात. आतापर्यंत तर नीट दिसत होतं. त्यांनी चष्मा पुसला. मग उठून दिवा लावला. खगोलशास्त्राच्या दृष्टीने यात काही विशेष नव्हतं. सूर्य मावळला होता. तो रोजच मावळतो. पण टिंबकाका दिव्याच्या बटणाशी हात तसाच ठेवून, तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. खुर्चीवर दोऱ्याचे तीन तुकडे पडले होते.

मग त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि लिहिलं:

"ती उठून गेली तेव्हा त्याला दिवा लावावा लागला, तोवर खोलीत झळाळी होती हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून असं वाक्य उतरलं, जे समोरच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडेना.

इथे दुसरा कुणीही थांबला असता. कवी असता तर वहीत ठेवलं असतं, नवरा असता तर बायकोला दाखवलं असतं. पण टिंबकाका कोशकार होते, आणि वाक्याखाली चार रिकाम्या जागा होत्या. रिकामी जागा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकवीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप खाली सरकला आणि त्याने लिहून टाकलं: 'पुस्तक: बोडके. लेखक: अज्ञात. पान: ४३. साल: उपलब्ध नाही.'

बोडकं पुस्तक हे कार्यालयातलं एक जुनं प्रकरण होतं. पुढचं-मागचं आवरण गेलेलं, सुरुवातीची पानं गळालेली, कुणी लिहिलंय याचा पत्ता नाही. टिंबकाकांनी त्यातून आजवर एकतीस वाक्यं घेतली होती. गेल्या वर्षी कपाटामागचा नळ फुटला आणि बोडकं पुस्तक भिजून लगदा झालं. त्यामुळे पान त्रेचाळीस आता कुणीही उघडून पाहू शकत नव्हतं, हे टिंबकाकांच्या ध्यानात आलं. म्हणजे हात लिहून मोकळा झाल्यावर आलं. चिठ्ठी फाडायची म्हणून त्यांनी उचलली. तेवढ्यात त्यांना दाही दिशा आठवल्या. सकाळी ती चिठ्ठी खणात होती.

शुक्रवारच्या बैठकीत बाईंनी ती मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. कात्री हातातून खाली ठेवली. अशी गोष्ट पूर्वी घडल्याची कार्यालयात नोंद नव्हती.

"कुणाचं हे?"

"अज्ञात," टिंबकाका म्हणाले.

"अज्ञात म्हणजे कोण?"

"म्हणजे... कळत नाही कोण."

"टिंबकाका, असं वाक्य लिहिणारा माणूस एवढंच लिहून गप्प बसत नाही. त्याने पुढे नक्की काहीतरी केलं असणार." बाई विचारात पडल्या. टिंबकाका आपण पुढे काय केलं ते आठवू लागले. "बोडकं पुस्तक तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं असेल, नाही? तुमचे साडू मुलाखतीत सांगत होते, तरुणपणी मी पुष्कळ बिननावाने लिहिलंय म्हणून."

"छे छे! त्यांची शैली नाही ही. इथे दिशा नाहीत."

"तरुणपणी कुणाला दिशा असते?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

फोनवर त्यांनी वाक्य वाचून दाखवलं, मागचापुढचा सगळा तपशील सांगितला आणि ऐकत राहिल्या. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मग थोडंसं काही आलं. बाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असेल."

असेल! तीन अक्षरांत काम झालं. एक वाक्य तर गेलंच, पण बोडक्या पुस्तकाचा लेखक मिळाल्यामुळे मागची एकतीसही साडूच्या नावावर चढली. टिंबकाकांनी हिशेब केला. सकाळी पंधरावर असलेला माणूस दुपारच्या चहाला सत्तेचाळीसवर होता.

"आणि सोनाराचं गाळा," बाई जाता जाता म्हणाल्या. "दुसरा आणि तिसरा अर्थ, दोन्हींना त्यांचीच वाक्यं राहू देत. तरुणपण आणि प्रौढपण, छान दिसेल."

गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. माझं आहे म्हणावं, तर चिठ्ठी खोटी ठरणार; आणि एक चिठ्ठी खोटी ठरली की उरलेल्या अडीच लाखांकडे लोक कसे बघतील? चोरी पकडून द्यायची तर चोर आपणच. जळावं, पण धूर दिसू नये, असा तो प्रकार होता.

घरी मात्र याहून वाईट वाढून ठेवलं होतं. 'झ' खंड छापून झाल्यावर प्रकाशनाची निमंत्रणपत्रिका आली. वरच्या भागात, पातळ कागदाखाली, ते वाक्य. त्याखाली साडूचं नाव, आणि 'समारंभात लेखक स्वतः वाचून दाखवतील' अशी सूचना.

बायकोने यंत्र थांबवून पत्रिका वाचली. मग पुन्हा वाचली.

"अगंबाई," ती म्हणाली. "किती छान लिहिलंय हो."

"हं."

"मला नव्हतं वाटलं त्यांना असं काही सुचत असेल. त्यांच्या कादंबऱ्या मी आपल्या धाकटीसाठी वाचते." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "किती वर्षांपूर्वीचं म्हणालात?"

"तीस-पस्तीस. का?"

"काही नाही." तिने पत्रिका खाली ठेवली. परत उचलली. "नाही, म्हणजे त्या सुमाराला ते धाकटीला भेटायला आमच्याकडे यायचे. पुढच्या खोलीत बसायचे दोघं. मी आपली कोपऱ्यात शिवत असायची, सोबत म्हणून. मग मीच विचार करायचे, बोलू दे बिचाऱ्यांना, आणि उठून आत जायचे."

टिंबकाकांच्या हातातला कप हवेत राहिला.

"आणि मी आत गेले की," बायको म्हणाली, आणि तिच्या गालांवर गेल्या बऱ्याच वर्षांत न दिसलेला रंग चढला, "आत गेले की आई ओरडायची, अरे दिवा लावा कुणीतरी तिथं!"

"सूर्य मावळत असेल!" टिंबकाका ओरडले.

"एवढं ओरडायला काय झालं? मी काय म्हटलं? मी काहीच म्हटलं नाही." पण तिने पत्रिका आरशाच्या कोपऱ्यात खोचली, आणि त्या दिवशी यंत्र चालवताना ती गुणगुणत होती.

टिंबकाकांना मत्सराचा दांडगा सराव होता, पण हा प्रकार त्यांना नवा होता. वाक्य तिच्यावर होतं. ते तिच्यावर आहे हे तिला बरोबर कळलं होतं. वाचताना तिचा चेहरा असा झाला होता, की तो बघायला कुठल्याही लेखकाने उजवा हात दिला असता. फक्त तो चेहरा दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जमा झाला होता. ते रोज दाढी करायला आरशासमोर उभे राहत आणि कोपऱ्यातून त्यांचंच वाक्य त्यांच्याकडे बघे, खाली साडूची सही घेऊन. तीन दिवसांत दोनदा कापलं.

समारंभाच्या दिवशी दुपारी त्यांचा संयम सुटला. ते तडक साडूच्या घरी गेले.

दार धाकटीने उघडलं. तोंड फुगलेलं. "या भाऊजी. बघा तुम्हीच आता. चार दिवस झाले, धड जेवण नाही की बोलणं नाही. मीही बोलत नाही म्हणा."

"तू का?"

"मी कधी उठून जातच नसे, भाऊजी. मी बसूनच असायची. कोण उठून जायचं ते त्यांनाच विचारा!" आणि ती आत निघून गेली.

साडू अभ्यासिकेत टेबलाशी बसला होता. समोर पत्रिका. दाढी वाढलेली. हात हनुवटीखाली नव्हता. दोन्ही हातांनी त्याने डोकं धरलं होतं.

"साडूभाऊ, दार लावून घ्या," तो म्हणाला. "मला एक सांगा. हे बोडकं पुस्तक लिहिलं कुणी?"

"तुम्हीच ना? तुम्ही म्हणालात, असेल."

"म्हणालो! तोंडातून गेलं! बाईंनी वाचून दाखवलं, आणि मला वाटलं, हे आपलं असतं तर! पुढचा शब्द निघून गेला." तो उठून येरझारा घालू लागला. "तीस वर्षं लिहितोय. बारा पुस्तकं. पण असं एक वाक्य नाही हो. एक नाही! काही करत नाही तो माणूस, नुसता दिवा लावतो. मी असतो तर चंद्र काढला असता, समुद्र काढला असता. चार रात्री बसून तसलं दुसरं लिहून बघतोय, जमत नाही. कोण आहे हा मेला? जिवंत आहे का?"

"असेल," टिंबकाका म्हणाले.

"नसला तर बरं होईल!"

टिंबकाका खुर्चीत आरामात मागे टेकले. एकवीस वर्षांत अशी खुर्ची त्यांना मिळाली नव्हती. साडू त्यांच्यासमोर जळत होता, आणि त्यांच्यामुळेच जळत होता. त्यांनी चहा मागवला. तो सावकाश प्यायले. वाक्यात नेमकं काय चांगलं आहे ते साडूकडून आणखी एकदा समजावून घेतलं, मध्येच 'मला नाही नीट कळलं' म्हणून पुन्हा सांगायला लावलं. मग दुसरा चहा घेतला. इथेच उठले असते तर जन्माचं सार्थक झालं असतं. पण आनंद पोटात ठेवायला जागा लागते, आणि टिंबकाकांच्या पोटात दोन कप चहा होता.

"ते मी लिहिलंय," ते म्हणाले.

साडू थांबला. "काय?"

"वाक्य. मी लिहिलंय. बोडक्या पुस्तकात नव्हतं. तुमच्या सत्काराच्या दिवशी, घरी बसून."

साडूने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा चेहरा एकेका स्नायूने सैल होत गेला. मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं.

"तुम्ही! अहो साडूभाऊ, तुम्ही! मग आधी नाही का सांगायचं? उगाच चार दिवस जिवाला घोर. मला वाटलं, कुणी लेखक आहे!" त्याने दार उघडून हाक मारली, "अगं, मला वाढ काहीतरी. भूक लागली." मग डोळे पुसत वळला. "असं होतं कधी कधी. एखाद्याच्या हातून एखादं वाक्य होऊन जातं. बरं पण, हे आपल्या दोघांतच राहू दे. तुमची नोकरी, माझं नाव. आणि एक करा. संध्याकाळी वाचायचंय मला, आणि नवा चष्मा अजून आला नाही. ते वाक्य एका कागदावर मोठ्या अक्षरात काढून द्या. तुमचं अक्षर काय सुरेख आहे हो!"

टिंबकाकांनी काढून दिलं. मोठ्या अक्षरात, वळणदार, एकही टिंब न विसरता.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. बायको समारंभाचे कपडे घालून खिडकीशी बसली होती आणि त्यांच्या कोटाचं निघालेलं बटण लावत होती.

"कुठे होतात? आवरा, उशीर होईल. हा कोट घालायचाय ना?"

टिंबकाका समोर बसले. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, की बाईंना नाही सांगायचं, कोशाला नाही सांगायचं, साडू आज टाळ्या घेईल त्या घेऊ दे. पण हिला सांगायचं. ही त्यांच्याकडे खोटी चिठ्ठी लिहिणारा माणूस म्हणून बघेल, बघू दे.

"आरशावरचं ते वाक्य," ते म्हणाले, "त्याने लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. पुस्तकबिस्तक काही नाही, ते मी खोटं घातलं. पण वाक्य खरं आहे. तुझ्यावर आहे."

सुई थांबली.

"खरं सांगताय?"

"कोशाची शपथ."

"कोशाची शपथ आता कोण मानणार?" ती म्हणाली. पण हसली नाही. त्यांच्याकडे बघत राहिली. कापड हातात घेऊन ते उभं आहे की आडवं हे बघते तशी. "कधी लिहिलंत?"

"तू सत्काराला गेलीस ना, तेव्हा. इथेच. तू त्या खुर्चीवरून उठलीस, आणि..." पुढचं त्यांना बोलता येईना. पुढचं छापून झालं होतं.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. टिंबकाका वाट पाहत होते. पत्रिका वाचताना आला होता तो रंग तिच्या गालावर पुन्हा येतोय का, ते त्यांना बघायचं होतं, पण आता ती नुसती आकृतीसारखी दिसत होती.

"म्हणजे त्या दिवशी," बायको सावकाश म्हणाली, "तुमचं डोकं दुखत नव्हतं."

"नव्हतं," टिंबकाकांनी कबूल केलं.

"अस्सं." तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "अहो, तेवढा दिवा लावा ना जरा. सुईचं नेढं दिसत नाहीये."